पाच हजार वर्षांचा हाव

वणीत कोळशाची धूळ किती उडते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. म्हणून मी एवढंच सांगतो, की आमचा शेजारी सकाळी पांढरी गाय सोडतो आणि संध्याकाळी म्हैस बांधतो. अशा या गावात, बी-बियाण्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर, आमचं कॉल सेंटर होतं. अठ्ठावीस खुर्च्या, तीन कूलर आणि एक सुपरवायझर, तो मी.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या गवत कापायच्या मशीन बिघडल्या की त्यांचे फोन वणीत वाजत. आमच्याकडे गवत वाढलं तर शेळी सोडतात, आणि शेळी सुरूच होत नाही अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही. तरी आम्ही त्या मशीनचा नटबोल्ट न् नटबोल्ट पाठ केला होता. तिकडे सकाळ लवकर होते, म्हणून आमचं काम पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं आणि दुपारी दीडला संपायचं.

त्या अठ्ठावीस जणांत सगळ्यांत तयार होती ती मारेगावकडच्या एका खेड्यातली सून. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. इंग्रजी ती कुठे शिकली देव जाणे. माझा कयास असा, की खताच्या पोत्यांवरचं वाचून. घरचा कापूस, घरची तूर, खाण्यापिण्याला काही कमी नाही, पण ताईला स्वतःची म्हणून एक खुर्ची हवी होती. सासऱ्यांनी एकाच अटीवर हो म्हटलं होतं: दुपारी दोनच्या एसटीनं घरी. वणीच्या पुढे एक पाऊल नाही. म्हणजे वणीतलं सेंटर राहिलं तर ताईची नोकरी राहणार. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यातच बातमी आली, की ऑस्ट्रेलियाच्या कंपनीची मोठी बाई सेंटर बघायला येतेय. तिला आवडलं तर काम तीन वर्षं वणीत, नाही तर सगळं गुंडाळून पुण्याला.

पुण्याचे आमचे साहेब आठ दिवस आधी येऊन धडकले. सोबत एवढं मोठं फ्लेक्स, की ते जिन्यातून वर आणताना खालच्या दुकानात बियाणं घ्यायला आलेले दोन शेतकरी त्यात गुंडाळले जाऊन वरपर्यंत आले. फ्लेक्सवर ताजमहाल, योगासन करणारी बाई, हत्ती आणि खाली इंग्रजीत अक्षरं: पाच हजार वर्षांची परंपरा, आता आपल्या सेवेत.

"सर, हत्ती कायले?" मी विचारलं. "वणीत शेवटचा हत्ती सर्कशीबरोबर आलता, थोही खोकत गेला. टाकाचाच तर वाघ टाका. टिपेश्वरच्या जंगलातला. आपलाच आहे."

"वाघ नको. क्लायंट घाबरतात," साहेब म्हणाले. "हे बघा, बाहेरचा माणूस आपल्याला काम का देतो? फक्त स्वस्त म्हणून? नाही. आपला वारसा! वारशानं विश्वास बसतो."

वारशाच्या या भिंतीसमोरच्या भिंतीवर मी त्यांच्याच हुकमानं दुसरा कागद चिकटवला होता: "गावठी शब्द बंद." गावठी म्हणजे मुख्यतः एकच. हाव. आमच्या वऱ्हाडात होकाराला हाव म्हणतात. पुण्याच्या मराठीत हाव म्हणजे लोभ, आणि इंग्रजाच्या कानाला तो ऐकू येतो 'हाउ', म्हणजे कसं. गिऱ्हाईक म्हणे, बटण दाबलं. आमची पोरगी म्हणे, हाव. गिऱ्हाईक म्हणे, कसं म्हणजे? बोटानं! त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून जो हाव म्हणेल त्यानं तिन्ही कूलरमध्ये पाणी भरायचं अशी शिक्षा मी ठेवली. त्या एप्रिलात आमचे कूलर एवढे थंड झाले, की खालच्या दुकानदाराला छतातून सर्दी झाली.

माझं डोकं तेव्हापासूनच फिरलं होतं. देशाचा वारसा म्हणजे आग्र्याचा दगड आणि फोटोतला हत्ती, आणि माझ्या आईच्या तोंडातला शब्द म्हणजे बिघाड! पण बोलणार कुणाला? आठ वर्षं पुण्यात काढून मी या सेंटरसाठी परत आलेलो. साहेबांनी स्वागतासाठी आणलेले फेटे मोजायला घेतले.

बाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हानं टोमॅटो झालेल्या. आम्ही अठ्ठावीस जण फेटे बांधून उभे, म्हणजे लग्न अठ्ठावीस नवरदेवांचं आणि नवरी एकटी. बाईंनी ताजमहालाकडे एक नजर टाकली, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "मला फोन ऐकायचाय." ताईच्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी दुसरा हेडफोन कानाला लावला. साहेबांनी मला डोळ्यांनी विचारलं, बरी आहे ना ही? मी डोळ्यांनी सांगितलं, नंबर एक.

फोन आला, मीही सुपरवायझरच्या लाइनवर ऐकत होतो. एक म्हातारा. मशीन सुरू होत नाही म्हणाला. ताईनं दोरी ओढायला सांगितली, झाकण उघडायला सांगितलं. म्हातारा मध्येच थांबला. म्हणाला, हे सगळं माझी बायकोच बघायची. ती गेल्या हिवाळ्यात गेली.

आमच्याकडे कुणी असं सांगितलं की काय करतात? काही करत नाहीत. मान खाली घालतात आणि हळूच म्हणतात, हाव. ऐकलं, असा त्याचा अर्थ. ताई सगळे नियम विसरली.

"हाव..." ती म्हणाली.

तिकडे म्हाताऱ्याला ऐकू आलं, कशी? मग तो सांगू लागला, कशी. कुठे दुखायला लागलं, दवाखान्याची गाडी किती उशिरा आली, हात कसा थंड होत गेला. ताई थोड्या थोड्या वेळानं म्हणत राहिली, हाव... हाव... आणि प्रत्येक हावगणिक तो आणखी आत जात राहिला. आमचा नियम फोनमागे सहा मिनिटांचा. हा फोन इतका चालला, की माझा फेटा सुटून गुडघ्यापर्यंत आला आणि मला कळलंही नाही. शेवटी म्हातारा म्हणाला, इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मशीन नंतर बघू. आणि त्यानं फोन ठेवला.

बाईंनी हेडफोन काढला. डोळे पुसले. "हे 'हाउ' विचारणं," त्या म्हणाल्या, "कुठलं ट्रेनिंग आहे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनंही पाहिलं, तिचं तोंड कापसासारखं पांढरं. खरं सांगितलं असतं, बाई, हा शिक्षा केलेला शब्द आहे, तर गेलंच होतं सगळं. आणि खोटं बोलण्यात माझा हात धरणारा यवतमाळ जिल्ह्यात, नेरपासून वणीपर्यंत, अजून जन्मायचाय. मी छाती काढून सांगितलं, की मॅडम, ही आमची पाच हजार वर्षांची ऐकण्याची विद्या आहे. केळापूरच्या देवीपुढे माणूस आपलं दुःख सांगतो, तेव्हा देवी फक्त एवढंच विचारते: कसं? बाकी माणूस स्वतःच बोलतो.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. साहेबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मागचा ताजमहाल फिका पडला.

त्या गेल्यावर ताई कूलरकडे बादली घेऊन निघाली. मी म्हटलं, "राहू दे न बापा, ताई. आज तू सेंटर वाचवलं."

"खरंच भाऊ? राह्यते ना मंग आपलं?"

"अवं, तीन वर्षं कोनी हात लावत नाही आता."

महिन्याभरानं साहेबांचा मेल आला. बाई भलत्याच खूश होत्या. इतक्या, की ही विद्या त्यांना शंभर खुर्च्यांवर हवी होती, आणि शंभर खुर्च्या पुण्यात होत्या. वणी बंद. ताईला मात्र बढती: पुण्यात येऊन पोरांना 'हाउ' शिकवायचं.

असा संताप मी आयुष्यात केला नव्हता. साहेबांवर केला, बाईंवर केला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या जिभेवर केला. मी आमचा हाव देवीच्या नावानं नटवून विकायला काढला आणि तो विकला गेला. भिंतीवरचा हत्ती कुणी नेला नाही.

ताई शांतपणे म्हणाली, "भाऊ, हाव तर मी इथंच शिकली न. मंग थे शिकवाले पुन्याले काहून जाऊ?"

त्याच वेळी साहेबांचा फोन. "पाठवताय ना तिला सोमवारी?"

मी ताईकडे पाहिलं. तिची मान नाही म्हणत होती. माझ्या तोंडून निघालं, "हाव."

माझ्याच थापेनं साहेबांचे कान तयार झालेले. त्यांना ऐकू आलं, कसं?

"कसं म्हणजे... ट्रॅव्हल्सनं येईल."

"हाव."

"राहायचं ना? बघू काहीतरी. घरचे सोडतील की."

"हाव..."

"तसं कठीणच आहे म्हणा." साहेब स्वतःशीच बोलायला लागले होते. "नवरा, शेती... अहो, माझीही बायको एकदा सगळं सोडून आली होती माझ्यामागे. अजून ऐकवते." मग तेच म्हणाले, "ती तिथूनच शिकवेल का? ऑनलाइन?"

या वेळी मी हाव म्हटलं नाही. पुण्यात शिकलेलं, स्वच्छ, शुद्ध "हो" म्हटलं.

सत्तावीस खुर्च्या टेम्पोत चढल्या, माझीही. मी आता खालच्या दुकानात बियाण्यांच्या पिशव्या मांडतो. वर एकच खुर्ची आहे, एकच कूलर, आणि कुणी काढायला आलं नाही म्हणून राहिलेला ताजमहाल. सकाळी छतातून आवाज येतो. ताई पुण्याच्या पोरांना शिकवत असते आणि ती शंभर पोरं पोलिसांनी चोराला विचारावं तसं एका सुरात ओरडतात, "हाउ?"

"तसं नाही," ताई सांगते. "आधी गप बसा. समोरच्यानं काय म्हनलं थे आयका. मंग म्हना."

पुन्हा, "हाउ?"

त्यांना जमत नाही. दोनची एसटी धरायला ताई जिना उतरून येते, तेव्हा मी विचारतो, "शिकले का?"

"नाही न जी भाऊ," ती म्हणते. "नाही शिकत थे."

हे तिच्या खुर्चीसाठी चांगलं आहे. मी म्हणतो, हाव.