खोपीचं लाकूड

जव्हार सोडलं तेव्हाच पाय कुरकुरत होते. आठवडाभर शाळेत पोरांपुढे घसा कोरडा करून सुटीच्या दिवशी डोंगर चढायची हौस माझीच, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? जामसरच्या डोंगरावर एक जुनी खोप (गवती झोपडी) आहे. पूर्वी लुटारू दिसले की तिथले पहारेकरी जाळ करून खालच्या पाड्यांना सावध करत. ती पाहायची होती.

वाट दाखवायला जामसरचा जानू आला. त्याचा भात कापून शेतात पडला होता आणि आभाळ भरून येत होतं. दुपारपर्यंत परतायच्या बोलीवर तो निघाला. पायथ्याशी त्याने दोन लाकडं उचलली, एक मला दिलं. माथ्यावर झाड नाही; जाणाऱ्याने एक लाकूड नेऊन खोपीत ठेवायचं, धुक्यात अडकणाऱ्यासाठी. पहारे उठले तरी ही रीत राहिली होती.

अर्ध्या चढणीवर माझा जीव मेटाकुटीला आला. जानू बराच पुढे होता. मी लाकूड हळूच करवंदीच्या जाळीत टाकलं.

खोप म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि काळवंडलेली चूल. वाऱ्याने मला हुडहुडी भरली. जानूने तिथलं लाकूड आणि स्वतःचंही पेटवलं, नागलीची भाकर शेकून दिली. इतकी गोड भाकर मी क्वचितच खाल्ली असेन. निघताना त्याने मागे ठेवायला माझं लाकूड मागितलं. मला खरं सांगावं लागलं.

तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. जाळीपर्यंत माझ्याबरोबर उतरला, लाकूड शोधून खांद्यावर घेतलं. मी नेतो म्हणालो; त्याने माझ्या लटपटत्या पायांकडे पाहिलं.

"तुमी उतरा, मास्तर. खोप रिकामी नाय ठेवायची. बायकोला सांगा, भारे बांधाय घे."

आणि तो पुन्हा चढू लागला.

शेतात त्याची बायको एकटीच होती. टाकलेलं लाकूड ठेवायला जानू परत चढल्याचं सांगून निरोप दिला, तेव्हा तिने विचारलं, "लाकूड कोनी टाकलां?"

"मी," म्हणालो.

तिने भारे बांधायचे पेंढ्याचे बंद माझ्या हातात दिले. मी वाकलो. बोटं सोलली, कंबरेचा काटा ढिला झाला. निम्मं शेतही आवरलं नव्हतं तोच सर आली. जानू धावत उतरताना दिसला तेव्हा उरलेला भात भिजत होता. त्याची वर्षाची पेज होती ती.

दिवेलागणीला बिऱ्हाडी पोचलो. अंग ठणकत होतं. पाणी तापवायला दारातल्या मोळीतून एक लाकूड ओढलं आणि ते हातात धरून तसाच उभा राहिलो. ते काहीच जड नव्हतं.