जानूची कुरकुरणारी शाळा

जानू सुतार नवा खांब उभा केला की त्यावर मूठ हाणायचा आणि लगेच तळवा टेकवून थरथर किती वेळ टिकते ते बघायचा. लवकर विरली तर समाधानाने विडी पेटवायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

जव्हार संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सरकारी बांधकामावरचा नवा ओव्हरसियर. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर शाळा बांधायची होती. नकाशा माझाच होता: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्यावर छपराचा सगळा भार. जानू सगळ्यांनाच अरे-तुरे करी. म्हणाला, "साहेब, इथं भुई हालते. तुझी भित वाकायची नाय, पडायची."

"दगड आहे तो, जानू."

"म्हणून तं."

मी ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात एका दुपारी जमिनीखालून घरघर आली आणि अर्धी चढलेली भिंत कोसळली. तिच्या सावलीत चिखल वाहणाऱ्या बायका भाकर खात बसल्या होत्या. जानूने दोघींना ओढून काढलं, तिसरीला बाजूला ढकललं आणि दगड त्याच्या पायावर आला.

मी त्याच्या झोपडीत गेलो तेव्हा पायाला पाला बांधलेला होता. मला मान वर करवेना. तो एवढंच म्हणाला, "बस खाली. कसा बांधायचा तं सांगतो."

मग खांब सपाट दगडांवर उभे राहिले, जोडांत खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आल्या. भिंती मातीने लिंपलेल्या कारवीच्या काड्यांच्या, छपराचा भार फक्त खांबांवर. "हादरा आला का जोड घासतील, कुरकुरतील," जानू म्हणे. "त्यातच त्याचा जोर मरल. कुरकुरूं दे."

पुढच्या वर्षी शाळा भरलेली असताना मोठा हादरा आला. छप्पर डोललं, जोड कितीतरी वेळ कुरकुरत राहिले, थोडी कौलं घसरली. मुलं सगळी बाहेर आली. जानू काठी टेकत धापा टाकत पोचला, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओट्यावर बसून रडला.

वरच्या साहेबांनी तशाच आणखी शाळा बांधायचं ठरवलं. त्यांच्या हुकमाच्या कागदावर बांधणीच्या या पद्धतीला माझं नाव होतं. ते खोडून मी जानूचं लिहिलं आणि कागद परत पाठवला. दुरुस्त होऊन तो आला तेव्हा जानू तापाने गेला होता. मी कागद घेऊन त्याच्या बायकोकडे गेलो.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"शाळा जानू सुताराच्या पद्धतीने बांधाव्यात."

तिने कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "अजून एकदा वाच."