मांद्र्याहून येणारी बायको

विनोदिनी मूळची मांद्र्याची. लग्न होऊन डिचोलीकडच्या गावात आली, तेव्हा सगुण खाणीवर ट्रक चालवायचा. माणूस बडबड्या, पण बायकोवर भारी जीव. चोवीस वर्षांच्या संसारात दोघं धड चार दिवस वेगळी राहिली नसतील. शहाण्णव साली ट्रक उलटला आणि सगुणच्या डोक्याला मार बसला. महिन्याभराने घरी आला, तो सगळ्यांना नावानिशी ओळखू लागला. एक विनोदिनी सोडून.

"बाई, तुम्ही कोण?" त्याने विचारलं. "दिसता माझ्या बायलेसारख्या, पण ती तुम्ही न्हय."

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत कोट्यवधी पेशी, नाना जातींच्या. काही चेहरा ओळखतात, काही आवाज, आणि त्यांना मायेशी जोडणारे धागे वेगवेगळे. सगुणचा चेहऱ्याकडचा धागा तुटला होता. बायको दिसायची, पण माया दाटून यायची नाही, म्हणून ती तोतया वाटायची. विनोदिनी जळफळली. एवढ्या धाग्यांत तुटायला नेमका माझाच बरा सापडला!

आवाजाचा मात्र शाबूत होता. शेजारच्या सुलोचनाच्या घरून तिने आपल्या घरी फोन लावला, तर सगुण रडायलाच लागला. "खंय आसंस गे? मांद्र्याक?"

ती हो म्हणाली. मग ते रोजचंच झालं. फोनवर तो तिचा नवरा. समोर येऊन तेच बोललं, तर म्हणायचा, बाई नक्कल बरी करतात. परक्या बाईबरोबर एका छपराखाली नको, म्हणून व्हरांड्यात झोपायचा. या इमानाचं कौतुक करावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना.

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी तो फोनवर हट्टालाच पेटला. "तू येयसर मी जेवचंय नाय."

"आज येतंय," तिच्या तोंडून निघून गेलं. "पाचच्या बसान."

माहेरहून येताना बघितलं, तर ओळखेलही, अशी वेडी आशा. ती खरंच डिचोलीला गेली, केसांत आबोली माळली आणि पाचच्या बसने गावात उतरली.

सगुण वाटेवर उभाच होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. तिला बघताच तो पुढे आला, तशी तीही झपाझप पुढे झाली. त्याने तिच्या ओंजळीत एक नारळ आणि खण ठेवला.

"बाई, आज माझी बायल येता. तुम्ही आमच्यासाठी खूप केलात. आता सुखान तुमच्या घरा जावा."

आणि बसमधून आणखी कोण उतरतंय, ते तो तिच्या खांद्यावरून बघत राहिला.