सिस्टरची डिझेल गाडी

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्यातल्या सिस्टर कामाला वाघ होत्या. पण त्यांचं नाव झालं ते सुई न दुखवता टोचण्यामुळे नाही, तर गाडीमुळे.

दवाखान्याची ती जुनी डिझेल गाडी, चारही चाकांना जोर असलेली. तिचा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. वरच्या वस्त्यांचा रस्ता असा, की साधी गाडी पहिल्याच चढाला मान टाकायची. शेवटी सिस्टरनीच स्टिअरिंग हातात घेतलं. चालवायला लागल्या तशी गाडी बिघडायलाही लागली, आणि दर वेळी मिस्त्री वर येईपर्यंत पेशंटला थांब म्हणता येत नाही. मग त्या रजेच्या दिवशी मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन बसू लागल्या. ऑइल बदलणं, फिल्टर धुणं, पट्टा ताणणं असं एकेक काम त्यांनी हाताखालून घातलं.

"सून आणली नर्स आणि निघाली मेकॅनिक," सासूबाई शेजारणीपाशी कुरकुरायच्या. पण सुनेच्या नखांतली काजळी निघावी म्हणून पिळलेल्या लिंबाच्या फोडी मोरीत काढून ठेवायच्या त्याच.

गाडीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे हिसके. मागच्या चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, माल वाहण्यासाठी केलेले, पहारीसारखे ताठ. कळा देणारी बाई त्या दगडगोट्यांवरून खाली येईपर्यंत अर्धमेली व्हायची.

"मिस्त्री, यातला एक पाटा काढून टाका," सिस्टर म्हणाल्या.

"ताई, पाटा काढला की गाडी मागे बसेल. मग चढावर काय कराल? आणि इतकं काही लागत नाही हो."

"असं? मग स्ट्रेचरवर जरा आडवे व्हा."

मिस्त्री हसत हसत आडवे झाले. सिस्टरनी त्यांना पट्ट्याने बांधलं आणि गाडी खडीच्या वाटेवर घातली. परत आल्यावर मिस्त्री कंबर धरूनच उतरले. मग म्हणाले, "काढायचा नाही. पण लांब आणि पातळ पाटे बसवू. गाडी बसणारही नाही आणि आपटणारही नाही."

मिस्त्रींचं म्हणणं बरोबर होतं आणि सिस्टरचंही. दोघांनी मिळून पाटे बदलले, जाड शॉकअब्सॉर्बर लावले. इंजिनाला हवा देणारा पाइप टपापर्यंत उंच नेला, म्हणजे ओढ्याचं पाणी आत जायला नको. सिस्टरचे यजमान शिंपी. त्यांनी स्ट्रेचरला जाडजूड गादी आणि रुंद पट्टे शिवून दिले. शिलाई इतकी नेटकी, की सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गादीला कधी असा टाका घातला नाहीस रे!"

पाटे बसवून फार दिवस झाले नव्हते. एके दिवशी दुपारी वरच्या वस्तीवरून फोन आला. पहिलटकरीण अडली होती. सिस्टरनी जाऊन पोटाला हात लावला मात्र, त्यांच्या लक्षात आलं की बाळ आडवं आहे. हे काम शहरातल्या मोठ्या इस्पितळाचंच.

पोरीला स्ट्रेचरवर घेतलं, नवरा शेजारी बसला. वाटेतला ओढा एव्हाना भरून वाहत होता. सिस्टरनी उतरून पुढच्या चाकांनाही जोर मिळावा म्हणून त्यांची कुलपं हाताने फिरवली, लो गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी दिव्यांपर्यंत आलं. गाडी तसूभरही डगमगली नाही. पण पलीकडचा चढ चढताना मात्र तिने दोन आचके दिले आणि बंद पडली.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "सिस्टर, आता काय?"

सिस्टरनी बॉनेट उघडलं. डिझेलची रबरी नळी टोकाला चिरली होती आणि तिथून हवा आत शिरत होती. सर्व्हिसिंगमध्ये ती नळी त्यांच्याच नजरेतून सुटली होती. स्वतःवर चिडायलाही वेळ नव्हता. पिशवीतल्या कात्रीने त्यांनी चिरलेलं टोक कापलं, नळी पुन्हा चढवून क्लिप आवळली, आत शिरलेली हवा निघावी म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागल्या. फेस यायला लागला.

आतून पोरीचा कण्हता आवाज आला, "सिस्टर, गाडी चालेल ना हो?"

"चालेल गं. हिच्या पोटात वारा धरलाय, एवढंच. हिला मी मोकळी करते, तुला डॉक्टर करतील."

त्या तशा वेदनांतही पोरगी फिसकन हसली. फेस संपून निखळ डिझेल आलं, स्क्रू आवळला गेला. पहिल्याच चावीला गाडी गुरगुरली.

इस्पितळात डॉक्टरांनी वेळेवर ऑपरेशन केलं. मुलगी झाली, आणि मायलेकी दोघी सुखरूप. शुद्धीवर आल्यावर पोरगी धावत आलेल्या आईला म्हणाली, "आई, पोटातली कळ कळत होती, पण रस्ता कळला नाही बघ."

हे शब्द सिस्टरच्या कानावर आले तेव्हा त्या व्हरांड्यात चहा पीत होत्या. कप खाली ठेवून त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. डिझेलचा वास येणाऱ्याच हातांनी डोळे पुसले.

बातमी डोंगरापलीकडे गेली. तिकडच्या दवाखान्याचीही तशीच जुनी गाडी होती, भंगारात जायच्या वाटेवर. तिथली ड्रायव्हरबाई ती घेऊन थेट मिस्त्रींच्या गॅरेजात आली. सिस्टरनी रजा टाकली. दोघी गाडीखाली आडव्या, मिस्त्री वरून पाने देतायत, असं काम चाललं. पाटे बदलले, पाइप उंच गेला, आणि या वेळी सगळ्या रबरी नळ्या नव्या घातल्या.

ती गाडी निघाली तेव्हा सिस्टर रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. वळणावळणाने गाडी चढत गेली, इंजिनचा एकसारखा, दमदार आवाज येत राहिला. पार डोंगरामागे विरेपर्यंत त्या कान देऊन ऐकत होत्या.

"झक्कास चालतेय ना, ताई?" मिस्त्रींनी विचारलं.

"चालणारच," सिस्टर कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आपल्या हातची आहे."