तिवरं कोण तोडेल?

जंगल राखलं की हवेत जाणारा कार्बन वाचतो. तो मोजायचा, त्याचं क्रेडिट परदेशी कंपन्यांना विकायचं आणि त्या पैशातून जंगल राखायचं, हे आमच्या अंधेरीच्या ऑफिसचं काम.

गोराईच्या खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटीचं जंगल, मोजायला गेलो आणि पहिल्याच पावलाला गुडघाभर चिखलात रुतलो. खेकडे-चिंबोऱ्या पकडणाऱ्या एका कोळीण मावशीने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "बूट काढ रे आधी!" मग दिवसभर ती पुढे आणि मी मागे. तिचे उपकार, म्हणून मोजणी झाली.

शेवटी फॉर्ममधला प्रश्न तिला विचारला. पैसे मिळाले नाहीत तर ही तिवरं कोण तोडेल? तोडायचा धोका नसेल तर क्रेडिट नाही, असा तो दळभद्री नियम.

मावशी भडकलीच. "तोडेल कोण? आम्ही मेलोय काय?"

मी तेच लिहिलं. प्रस्ताव नामंजूर झाला, साहेबांनी माझी वाट लावली. तोंड पाडून मावशीला सांगायला गेलो, तर तिने चार चिंबोऱ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या.

"पैसे नाही आले ना? तिवरं कुठे गेलीत का? जा, रस्सा कर."