तीन नंबरची जीप

येडगावचे भिमाजी तात्या मुंबईत ट्रामचे कंडक्टर होते, असं सांगितलं की आमच्याकडचा माणूस विचारायचा, "ट्राम म्हंजी?" तात्या याच प्रश्नाची वाट बघत असायचे. पहिली ट्राम अठराशे चौऱ्याहत्तरला, घोडे ओढायचे. एकोणीसशे सातपासून विजेवर. बोरीबंदरहून दादरला ती कशी जायची, गिरगावची कुठं वळायची, हे ते बोटानं हवेत काढून दाखवायचे. ऐकणाऱ्याला बोरीबंदरही कळत नसे आणि वळणही. चौसष्टच्या मार्चअखेर शेवटची ट्राम दादरला गेली, तात्यांना बसवर घातलं. बसवर त्यांनी तीस वर्षं काढली, पण बसबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

रिटायर होऊन गावी आले आणि शहाण्णव साली नारायणगावच्या जीपस्टँडवर त्यांची नजर गेली. तिथली रीत साधी. जीप भरली की निघायची, आणि भरली म्हणजे चौदा आत, दोन मागं लोंबकळत. कुठं जाणार ते गाडीवर लिहिलेलं नसे, ड्रायव्हरवरून कळायचं. सावळेरामची जीप म्हणजे येडगाव, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तात्यांना हे बघवेना. त्यांनी ड्रायव्हरांच्या मागं लागून आठ दिवसांची परवानगी काढली. दारांवर चुन्यानं आकडे टाकले. एक येडगाव, दोन ओतूर, तीन जुन्नरवरून घाटघर. त्याची फळी सुवालालशेठच्या दुकानाच्या भिंतीवर ठोकली. गाडी वेळेवर सुटणार, भरो न भरो. चालत्या गाडीत ड्रायव्हर उतारूंशी बोलणार नाही. आकडे चिठ्ठ्या टाकून वाटले. सावळेरामला तीन आला.

"तात्या, कुठं चाललाय म्हणून घरची इचारती. काय सांगू?"

"तीन नंबर म्हणून सांग."

पाचव्या दिवशी तात्यांच्या धाकट्या लेकीला, अश्विनीला, बघायला मंचरचे पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं फिसकटलेली. हे जमावं म्हणून तात्यांचा जीव टांगणीला, आणि या खेपेला अश्विनीनं साडी स्वतःच इस्त्री करून ठेवलेली. पाहुण्यांना घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं, सगळं पत्रावर. महिन्यापूर्वी तात्यांनीच लिहिलं होतं की नारायणगावला उतरून सावळेरामच्या जीपमध्ये बसावे, दारात सोडेल.

साडेदहाला चौघंजण स्टँडवर आले. नव्या टोप्या, हातात पेढ्यांचा पुडा.

"सावळेरामची जीप कंची, भाऊ?" त्यांनी शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या तात्यांनाच विचारलं.

"तीन नंबर. बसा, सुटतीच आता."

"पर ती जाती कुठं—"

"फळी वाचा, पावणं. समदं लिव्हलंय."

फळीपुढं शेठनं बटाट्याची पोती रचली होती. पाहुणे फळी शोधताहेत तोवर तात्यांनी शिट्टी फुंकली. चौघं पळत जाऊन बसले. गाडी मिनिटाला मिनिट सुटली. तात्या खूश होऊन, पाहुणे यायच्या आत पोचावं म्हणून, एक नंबरनं घरी गेले.

तिकडं जुन्नर मागं पडलं, डोंगर लागला. मुलाचे वडील दर वळणाला विचारत होते, "डायव्हर, येडगाव आलं का?" सावळेराम गप्प. नियम तात्यांचा होता, पण तो पाळण्यातली मजा सावळेरामची. घाटघरला इंजिन बंद करून त्यानं तोंड उघडलं.

"येडगाव? ते तर लई मागं राह्यलं राव!"

इकडं तात्यांच्या बायकोनं, साळुबाईंनी, पोहे दोनदा गरम केले, तिसऱ्यांदा टाकून दिले. पाहुणे आले चार वाजता. तात्यांना बघून मुलाचे वडील उंबऱ्यातच थांबले.

"शिट्टीवालं तुमीच ना?"

"व्हय, पर फळीवर—"

"पोरगी बघाया निघालो व्हतो, समदा तालुका बघून आलो. पावण्याला कुठं चाललाय एवढं इचारत न्हाईत, तिथं सोयरीक कशी करायची?"

तात्यांनी काहीतरी सांगायला हवेत बोट उचललं आणि तसंच धरून बसले. बोलवायच्या आतच अश्विनी पाणी घेऊन बाहेर आली.

"आमच्या तात्यांचं चुकलं," ती म्हणाली. "बसा. आदी जेवा, मंग रागवा."

तात्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही, ते कुणाला कळलं नाही. जेवताना तिनं मुलाला विचारलं, "घाटघर कसं वाटलं?"

"लई गार," तो म्हणाला. "वाट चुकली म्हणून राग आला व्हता. आता काय वाटतंय ते समजंना."

"म्हंजी हो का न्हाई?" वडील ओरडले. मुलगा भात कालवत बसला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरांनी ओल्या फडक्यानं आकडे पुसले. तात्या स्टँडवर गेले नाहीत. पोस्टमन दिसला की उठायचे आणि परत बसायचे. नवव्या दिवशी मंचरचं पत्र आलं. मुलगी पसंत आहे, याद्या कधी करायच्या ते कळवा. तात्यांनी ते दोनदा वाचलं, पत्ता तपासला आणि साळुबाईंना हाक मारली.

"अगं, हे आपल्यालाच लिव्हलंय ना?"