माझ्याच फोल्डरसाठी परवानगी

आमच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले एक बाबूजी शहराबाहेर कानोता गावात राहतात. पत्नीच्या ऑपरेशनसाठी त्यांना वैद्यकीय कार्ड हवं होतं आणि कार्डासाठी जुना नियुक्ती आदेश. तो आमच्या स्कॅन केलेल्या ९,३१२ पानांत कुठेतरी होता. पण ती पानं म्हणजे नुसती चित्रं. नाव टाकून शोधता येत नव्हतं. डोळ्यांनी मी दिवसाला तीनशे पाहू शकत होतो. म्हणजे एकतीस दिवस, वर बारा पानं. ऑपरेशन बारा दिवसांवर होतं.

जगतपुऱ्याच्या कॉलेजातून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, चित्रातलं लिखाण वाचणारा प्रोग्राम आहे. फुकट. कमांड लिहून चालवायचा."

"नवा प्रोग्राम टाकायला अॅडमिन पासवर्ड लागतो, तो मुख्यालयाकडे असतो."

"मतलब, तो लागतच नाही. प्रोग्रामची झिप फाइल उतरवून तुझ्या फोल्डरमध्ये उघड, बस."

दोन तास लागले. कमांड लिहायच्या त्या काळ्या खिडकीत मी सात चुका केल्या. संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या यादीत, म्हणजे पाथमध्ये, फोल्डरचा पत्ता जोडला, तरी कमांड सापडेना. "जुन्या खिडकीला नवा पत्ता कसा कळणार, बाबा? बंद करून उघड ना!" उघडली. प्रोग्राम चालला. पानाला चार सेकंद. संध्याकाळपर्यंत २,६४० पानं वाचून झाली. बाबूजींचं नाव त्यांत नव्हतं.

निघण्यापूर्वी मी मुख्यालयाच्या संगणक विभागाला मेल केला: कोणता प्रोग्राम, कुठे ठेवला, कशासाठी. केलेलं लेखी कळवायचं, ही सव्वीस वर्षांची सवय.

"कोणी विचारलं होतं का तुम्हाला?" जेवताना पत्नी म्हणाली.

सकाळी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, आजपासून वैयक्तिक फोल्डरमधून कोणताही प्रोग्राम चालणार नाही. मी कमांड दिली. खाली एकच ओळ उमटली, प्रशासकाने हे रोखले आहे. तासाभरात शेजारच्या टेबलावरचे लेखापाल ओरडले, "भाईसाहब, मेरा टाइपिंगवाला भी बंद! चिट्ठी लिखने को किसने बोला था?"

प्रोग्राम चालवू देण्यासाठी मी रीतसर विनंती दाखल केली. मुदत: कामकाजाचे दहा दिवस.

तीन दिवसांनी बाबूजी आले. तोवर मी डोळ्यांनी आणखी नऊशे पानं पाहिली होती. ५,७७२ उरली होती, म्हणजे एकोणीस दिवसांहून जास्त. ऑपरेशनला नऊ. मेलचंही मी त्यांना सांगितलं.

 ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मुझे भी दिखाइए. दो लोग देखेंगे तो जल्दी होगा."

बाहेरच्या माणसाला नोंदी दाखवता येत नाहीत. नोकरीत असताना हे वाक्य त्यांनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं. मला ते उच्चारावं लागलं नाही. त्यांनीच खुर्ची मागे घेतली. मी पुढचं पान उघडलं. ते समोर बसून राहिले, माझ्या स्क्रीनच्या पाठीकडे पाहत.